सावलीचं घड्याळ : शाळेच्या पटांगणातल्या प्रकल्प नोंदी

२७ नोव्हेंबर

शाळा नाशिक–त्र्यंबकेश्वर रस्त्यालगतच्या गावात. पहिली ते सातवी, पट ६१. यंदाच्या प्रकल्पासाठी पटांगणात सूर्यघड्याळ करायचं ठरलं. सहावी-सातवीच्या मुलांकडे आखणी, तिसरी ते पाचवीकडे मोजमापं आणि वेळेच्या नोंदी, लहानग्यांकडे दर तासाला खडूने सावली गिरवणं.

कुठल्या प्रकारचं घड्याळ, यावर पहिला तास गेला. पुस्तकात दिसतं ते त्रिकोणी पात्याचं. त्याचं पातं त्या गावाच्या अक्षांशाइतकं उचलावं लागतं. नाशिकचा अक्षांश २०, म्हणजे पातं जवळजवळ आडवंच पडतं. शिवाय दुपारच्या रेघा फार जवळ येतात. बारा आणि एक यांच्यात जेमतेम ५.२ अंश, पाच आणि सहा यांच्यात मात्र ३८. शाळेला लागते ती नेमकी दुपार, आणि तिथेच वाचायला अडचण. पत्र्याचं टोकदार पातं खेळत्या पोरांमध्ये उभं करणंही बरं नाही.

म्हणून माणसाच्या सावलीचं घड्याळ घेतलं. जमिनीवर लांबट अंडाकृती, तिच्यावर तासांच्या खुणा, मध्ये उत्तर-दक्षिण महिन्यांची पट्टी. चालू तारखेच्या खुणेवर मूल उभं राहतं आणि त्याची सावली ज्या अंकाकडे जाते ती वेळ. मोडण्यासारखा किंवा चोरीला जाण्यासारखा एकही भाग यात नाही.

१ डिसेंबर

खरी उत्तर शोधायला सुरुवात. मोबाइलमधलं होकायंत्र आधीच बाद केलं. तीन मोबाइल एकाच जागी ठेवले तर तिघांनी तीन दिशा दाखवल्या, आणि फाटकाजवळ नेल्यावर सगळेच फिरले. नाशिककडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक एक अंशाच्या आतला आहे. गोंधळ होतो तो लोखंडी फाटक, हातपंप आणि कोब्यातल्या सळयांमुळे.

मग शंकूची, म्हणजे उभ्या काठीची जुनी रीत घेतली, शुल्बसूत्रांत (यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांत) सांगितलेली. जमिनीत सरळ काठी, तिच्याभोवती वर्तुळ. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकलं की खूण, दुपारनंतर पुन्हा टेकलं की दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम.

आजचा प्रयत्न फसला. दोन खुणांच्या वेळांचा मध्य १२ वाजून २७ मिनिटं आला, यायला हवा होता १२:२४. कारण संध्याकाळी सापडलं. गावातल्या गवंडीकाकांनी लेव्हल पाईप लावून दाखवलं की पटांगण पश्चिमेकडे उतरतंय, ३.६ मीटरात साडेचार सेंटिमीटर. उतरत्या बाजूची सावली लांबते आणि चढत्या बाजूची आखडते, त्यामुळे दोन्ही खुणा उशिरा पडतात आणि रेघ अर्ध्या अंशाने फिरते. डोळ्यांना तो उतार दिसतही नाही.

३ डिसेंबर

काकांनी सेंट्रिंगचं आठ बाय चारचं प्लाय आणून दिलं. ते पाचरी सारून चारही कोपऱ्यांत लेव्हलला आणलं. दक्षिणेच्या कडेला मध्यभागी १ मीटर उंचीचा बांबू उभा केला. टोमॅटोच्या बांधणीला वापरतात तोच, पण त्यातला सरळ निवडून, वरच्या टोकाला खिळा ठोकून. ओळंबा दोन बाजूंनी धरून बघायचा, एका बाजूने सरळ दिसलेला बांबू दुसऱ्या बाजूने हमखास कललेला असतो.

दोन वर्तुळं काढली, १.२० आणि १.४० मीटर त्रिज्येची. दोन अशासाठी की ढग आला तर एक तरी हाती लागावं, आणि एकाने दुसऱ्याची पडताळणी व्हावी.

मोठ्या वर्तुळाला सावली टेकली १०:०३ आणि २:४७ ला. लहानाला १०:३३ आणि २:१७ ला. दोन्हींचा मध्य १२:२५. पोरांनी वहीत हे दोनदा करून पाहिलं, तेव्हा कुठे विश्वास बसला.

सगळ्यात आखूड सावली कधी पडते ते बघून उत्तर काढता येईल, असं काही मुलांचं म्हणणं होतं. ते करून पाहिलं. १२:१५ ते १२:३५ सावली ९० सेंटिमीटरवर जणू थिजलेली, लांबीत मिलिमीटरांचाच फरक. त्या वीस मिनिटांत दिशा मात्र बरीच फिरते. म्हणून लांबी भराभर बदलत असते तेव्हाच खुणा घ्याव्यात, सकाळी आणि दुपारनंतर.

घड्याळात बारा वाजता सूर्य डोक्यावर का नाही, हाही प्रश्न आला. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावरची. आमचं गाव ७३.७ वर. ८.८ अंशांचा फरक, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे साधारण ३५ मिनिटं. तरी मध्य १२:३५ ऐवजी १२:२५ ला आला, तो दहा मिनिटांचा फरक पुढे बघू.

उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम रेघा प्लायच्या बाहेर चार खुंट्यांवर उतरवून घेतल्या. खुंट्या कामाच्या जागेपासून हातभर लांब ठोकाव्यात, नाहीतर खोदताना पहिली त्यांचीच वाट लागते.

४ डिसेंबर

खडूने कच्ची आखणी, मध्यापासून टोकापर्यंत २ मीटर धरून. मोठं म्हणजे छान दिसेल, एवढाच विचार होता.

दुपारी १२:२५ ला चौथीतली एक मुलगी डिसेंबरच्या खुणेवर उभी राहिली. "सर, सावली पोचतच नाही!" तिची उंची १.२५ मीटर, सावली १ मीटर १३ सेंटिमीटर, आणि अंडाकृतीची रेघ १ मीटर ४४ वर. हात वर जोडले तरी पाच सेंटिमीटर कमीच. डिसेंबरात ही गत, मग मार्चमध्ये सूर्य आणखी वर आल्यावर तर सावली अर्ध्यावरच राहणार. युरोपातल्या शाळांची मापं आपल्याकडे चालत नाहीत ती यामुळेच. तिकडे सूर्य खाली असतो आणि सावल्या लांब पडतात.

माप १.५० मीटरवर आणलं. आता मार्चमध्ये दुपारी १.४१ मीटर उंची पुरते, म्हणजे हात वर केलेलं तिसरीचं मूलही चालेल. शिवाय कोबा लहान झाला, सिमेंट वाचलं.

८ आणि ९ डिसेंबर

आखणीचं गणित. सातवीला साइन-टॅन नसतं, आणि त्याची गरजही पडली नाही. कंपासपेटी आणि आलेख कागद पुरला. प्रमाण १ : १०, कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ सेंटिमीटर. रीत अशी, म्हणजे दुसऱ्या कुणाला करायचं तर सोपं जाईल :

आधी १५ सेंटिमीटर कर्णाचा काटकोन त्रिकोण काढा, एक कोन २० अंशांचा. त्या कोनासमोरची बाजू ५.१३ भरते, ती अंडाकृतीची अर्धी रुंदी. लगतची बाजू १४.१, ती महिन्यांच्या पट्टीसाठी जपून ठेवा.

आता एकाच मध्यावर दोन वर्तुळं, १५ आणि ५.१३ त्रिज्येची. सूर्य दर तासाला १५ अंश सरकतो. उत्तरेच्या रेघेपासून हव्या त्या कोनाची त्रिज्या ओढा. ती मोठ्या वर्तुळाला जिथे छेदेल तिथून उभी रेघ, लहानाला छेदेल तिथून आडवी. दोन्ही मिळतात तो त्या तासाचा बिंदू.

कोन मोजताना ३५ मिनिटांचा फरक, म्हणजे ८.८ अंश, आधीच धरला, त्यामुळे जमिनीवरचे अंक सरळ हातातल्या घड्याळाचे होतात. बाराची खूण मधल्या रेघेच्या पश्चिमेला ८.८ अंशांवर, एकची पूर्वेला ६.२ अंशांवर. जमिनीवरची मापं सेंटिमीटरमध्ये, आधी मध्यापासून पश्चिमेला आणि मग उत्तरेला : आठ वाजता १३९.८ आणि १८.६, नऊला १२१.० आणि ३०.३, दहाला ९४.० आणि ४०.०, अकराला ६०.५ आणि ४६.९, बाराला २२.९ आणि ५०.७. इथून पुढे पूर्वेला : एक १६.२ आणि ५१.०, दोन ५४.२ आणि ४७.८, तीन ८८.६ आणि ४१.४, चार ११६.९ आणि ३२.१, पाच १३७.२ आणि २०.७.

मुलांच्या कागदी मापांत आणि या आकड्यांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक येतो. दुपारच्या भागात १ सेंटिमीटर म्हणजे दीड मिनिट, तेव्हा तो चालण्यासारखा.

महिन्यांची पट्टी याहून सुंदर निघाली. १४.१ च्या पायावर सूर्याच्या त्या दिवसाच्या क्रांतीचा (तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे त्याचा) कोन काढायचा, समोरची बाजू म्हणजे मध्यापासूनचं अंतर. महिन्याच्या एक तारखेची अंतरं : दक्षिणेला जानेवारी ५९.८, फेब्रुवारी ४३.६, मार्च १९.१, ऑक्टोबर ७.६, नोव्हेंबर ३६.२, डिसेंबर ५६.४. उत्तरेला एप्रिल १०.८, मे ३७.८, जून ५६.९, जुलै ६०.१, ऑगस्ट ४६.१, सप्टेंबर २०.८. दोन्ही टोकं ६१.१ वर.

इथे एका मुलाने कागदावर बोट ठेवलं. अंडाकृती उत्तरेला ५१.३ ला संपते आणि जूनची खूण तिच्या बाहेर जाते, म्हणजे आखणी चुकली! चुकलेली नाही. जूनमध्ये आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला जातो आणि सावली दक्षिणेला पडते. म्हणून मूल रेघेबाहेर उभं राहून आत सावली टाकणार. पट्टी अंडाकृतीची रेघ ओलांडते ते दोन दिवस म्हणजे शून्य सावलीचे दिवस, दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते ते, २० मे आणि २३ जुलैच्या आसपास. कर्कवृत्ताच्या उत्तरेकडल्या गावात ही खूण कधी बाहेर जाणारच नाही.

१४ डिसेंबर, रविवार

कोब्याचं श्रमदान. मोठी माणसं चौदा, पोरं मोजली नाहीत.

माप ३.६ बाय १.८ मीटर, जाडी ७.५ सेंटिमीटर, मिश्रण १ : २ : ४. वाळू साडेसात घनफूट, एका घराच्या बांधकामातून उरलेली. खडी पंधरा घनफूट, ती ट्रॅक्टरवाल्यांनी भाडं न घेता टाकली. सिमेंटच्या तीन गोण्या संपून चौथी थोडी उघडावी लागली. खाली मुरूम पसरून पाणी मारून धुमसून घेतला होता.

वरची पातळी चारही बाजूंनी लेव्हल पाईपने धरली. कोबा करताना हात आपोआप पाण्यासाठी उतार देतो, गवंडीकाकांचाही दोनदा गेला. इथे उतार अजिबात नको. पावसाचं पाणी वर थोडं साचेल ते खराट्याने लोटायचं.

कोबा कधीतरी तडकणारच. म्हणून उत्तर-दक्षिण रेघेवरच काचपट्टी उभी बसवली. आता तडा गेलाच तर मधल्या रेघेतून जाईल, आकड्यांमधून नाही. ही कल्पना काकांची. कडांना गोलाई दिली, अनवाणी पाय ठेचकाळू नयेत म्हणून.

जेवण शाळेतच झालं. पिठलं, भाकरी, ठेचा, आणि एका मळ्यातून आलेली काकडी.

१५ ते २४ डिसेंबर

गोणपाट टाकून दिवसातून तीनदा पाणी. शाळा सुटल्यावरची पाळी शेजारच्या तीन घरांनी वाटून घेतली. थंडीत सिमेंट सावकाश धरतं, म्हणून सातऐवजी दहा दिवस. २४ तारखेला कोपऱ्यात वीतभर जागेवर ऑइलपेंटचा नमुना मारून ठेवला.

२ जानेवारी

नमुन्याला फुगे आलेत, नखाने सोललं तर पापुद्रा निघतो आणि खालून चिकट लागतं. ताज्या सिमेंटमध्ये ओलसर चुना असतो, त्याने रंगातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो. रंगकाम करणाऱ्या एका पालकांनी हे आधीच सांगितलं होतं, तरी मुलांना डोळ्यांनी बघू दिलं. २८ दिवस थांबणार.

१२ जानेवारी

काल रात्री कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून ठेवला होता. सकाळी खालून एकही थेंब नाही. कोबा वाळलाय.

अंडाकृती काढायला दोन खिळे, मध्यापासून दोन्ही बाजूंना १४१ सेंटिमीटरवर, आणि त्यांना बांधलेला ३ मीटरचा दोरा. खडू दोऱ्यात अडकवून ताणत फिरवायचा. सुतळीने केलं तर ती ताणून तीन सेंटिमीटर वाढली आणि रेघ बाहेर पळाली. गवंड्याच्या लाइनदोऱ्याने जमलं. तरी तासांचे बिंदू या रेघेवरून घेतले नाहीत, गुण्या लावून मोजूनच घेतले. रेघ शोभेची, बिंदू कामाचे.

१३ आणि १४ जानेवारी

सिमेंट प्रायमरचा एक हात, वर रंगाचे दोन. पांढरा १ लिटर, लाल आणि काळा अर्धा-अर्धा लिटर. पट्टीच्या दुसऱ्या हातावर ओला असतानाच चाळलेली बारीक वाळू भुरभुरली, पाय घसरू नयेत म्हणून.

आकडे बचत गटातल्या बायकांनी काढले. रांगोळीचा हात तो, एकाही आकड्याला खडूची रेघ लागली नाही. पहिला "१२" मात्र उलटा झाला होता, उत्तरेच्या बाजूने बसून काढल्यामुळे. वाचणारा पट्टीवर उभा राहून उत्तरेकडे बघतो, तेव्हा आकड्यांचे पाय दक्षिणेला हवेत. टर्पेंटाइनने पुसून पुन्हा काढला.

आज संक्रांत. "आजपासून दिवस तिळातिळाने वाढतो," असं एक आजी म्हणाल्या. मुलांनी त्यांना हाताला धरून पट्टीपाशी नेलं. २१-२२ डिसेंबरला खूण दक्षिण टोकाला होती, आज ती ६ सेंटिमीटर उत्तरेला आलीय, म्हणजे दिवस वाढायला लागून तीन आठवडे झाले. सुरुवातीला वाढ खरोखर तिळातिळाचीच : २३ दिवसांत ६ सेंटिमीटर. मार्चमध्ये हीच खूण रोज एक सेंटिमीटर चालेल. आजी डिसेंबरच्या टोकापासून आजच्या खुणेपर्यंत बोटं ठेवत गेल्या, चार बोटांत अंतर संपलं. मग मुलांच्या हातावर तिळगूळ ठेवला.

२० जानेवारी

चौथी-पाचवीचा पर्जन्यमापक थोडक्यात : दोन लिटरच्या सरळ अंगाच्या बाटलीचं वरचं तोंड कापून उलटं बसवलं. तळाचे खळगे गोट्या आणि सिमेंट भरून सपाट केले, शून्याची खूण त्याच्या वर. तोंड आणि अंग एकाच रुंदीचं असल्याने साधी मिलिमीटरची पट्टी चालते. जागा झाडापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट लांब. जूनपर्यंत कपाटात.

२१ जानेवारी

पहिली खरी चाचणी. सावली अकराच्या अंकावर, मनगटावर ११ वाजून ११ मिनिटं. पोरांचे चेहरे उतरले.

घड्याळ बरोबर आहे. पृथ्वीची कक्षा किंचित लांबट, जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगाने चालते. शिवाय तिचा अक्ष कललेला. दोन्हींमुळे सूर्याचा दिवस नेमका चोवीस तासांचा नसतो, आणि रोजचे काही सेकंद साठत जाऊन मिनिटं होतात. ही दुरुस्ती भिंतीवर रंगवली. सावलीच्या वेळेत किती मिनिटं मिळवायची : १५ जानेवारीला ९, ११ फेब्रुवारीला १४, १५ मार्चला ९, १५ एप्रिलला शून्य. १४ मेला ४ वजा. १३ जूनला शून्य, २६ जुलैला साडेसहा मिळवा, १ सप्टेंबरला शून्य, ३ नोव्हेंबरला १६ वजा, २५ डिसेंबरला पुन्हा शून्य.

उभं राहण्याची रीतही ठरली. तारखेची खूण दोन पावलांच्या बरोबर मध्ये. टाचा खुणेवर ठेवल्या तर अंग पुढे जातं. डोक्याची सावली वीतभर रुंद पडते, तिच्यावरून वेळ दहा मिनिटं इकडेतिकडे होते. हात डोक्यावर नमस्कारासारखे जोडले की टोक अरुंद होतं आणि चूक तीन-चार मिनिटांवर येते.

११ फेब्रुवारी

बाराच्या अंकावर सावली, मनगटावर १२:१४. तक्त्याप्रमाणे.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. रामन परिणामाची १९२८ मधली तारीख परिपाठात सांगून झाली, मग गावाला पटांगणात बोलावलं. समजावण्याचं काम सातवीचं होतं, पण खडी टाकणारे, पाणी मारणारे, आकडे काढणाऱ्या सगळेच आपापला भाग शेजारच्याला समजावत होते. काचपट्टी का घातली हे गवंडीकाकांनी निदान दहा जणांना सांगितलं असेल, आणि तेच त्यांच्याकडून ऐकायला हवं होतं.

एका आजोबांनी विचारलं, "सावली पायाखाली आली की दुपार म्हणायचो आम्ही. ती पायाखाली कधी येते?" मुलांनी त्यांना मेच्या खुणेच्या पुढे, पट्टी अंडाकृतीला छेदते तिथे उभं केलं.

२० मेला शाळेला सुट्टी असेल. फाटकाची एक किल्ली शेजारच्या घरी ठेवली आहे. चार इंची पीव्हीसी पाईपचा हातभर तुकडा, काचेचे दोन ग्लास आणि ओळंबा वऱ्हांड्यातल्या पेटीत आहेत. सावली नाहीशी होण्याची वेळ १२:३१, त्याच्या दहा मिनिटं आधी पाईप ओळंब्याने सरळ करून ठेवावा. १९ आणि २१ तारखेलाही बघावं, फरक अगदी थोडा असतो. २३ जुलैची वेळ १२:४१ ते १२:४२, पण त्या दिवसांत आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं. पर्जन्यमापक मात्र तेव्हा बाहेर असेल.